हात मोकळे, पण डोकं?

‘हँड्सफ्रीवर बोलत होतो रे, हात हँडलवरच होते!’

हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये इतक्या निर्धास्तपणे बोललं जातं, की हेल्मेट, लायसन्स, पीयूसी यांच्या पंगतीत हँड्सफ्री कधी येऊन बसलं ते कळलंच नाही. हेल्मेट घातलंय, लायसन्स खिशात आहे, कानात इअरबड आहे, म्हणजे सगळं कसं नियमात! हातात फोन धरून गाडी चालवणारा बेजबाबदार आणि कानात घालून बोलणारा जबाबदार, अशी सरळ वाटणी आपण करून टाकली आहे. मित्रहो, माझं भांडण या वाटणीशीच आहे.

आधी हँड्सफ्री कशाला म्हणायचं ते बघू, कारण आपल्याकडे त्याचे प्रकार फार. कारवाल्यांचं ब्लूटूथ हा झाला खानदानी प्रकार. बुलेटवाल्यांचे हेल्मेटमधले इंटरकॉम. मग इअरबड्स आणि जुने वायरचे इअरफोन. आणि शेवटी आपला अस्सल देशी शोध : आख्खा फोनच हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये खुपसायचा आणि निघायचं. (सेकंड इयरला एकाने याला ‘झिरो कॉस्ट हँड्सफ्री’ असं नाव दिलं होतं. पोरगं आता मार्केटिंगमध्ये आहे.) हा शेवटचा प्रकार धोक्याचा आहे हे सांगायला लेख लिहायची गरज नाही. फोन घसरला की हात आपोआप तिकडे जातो आणि गाडी एका हातावर येते. पण बाकीचे तीन? ते तर व्यवस्थित आहेत ना?

अडचण तिथेच आहे. धोका हातात होता असं आपण गृहीत धरलं आणि हात मोकळे केले. मुळात धोका बोलण्यात होता, आणि तो आहे तिथेच आहे.

हे मी मनाने म्हणत नाही. १९९७ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी एक अभ्यास केला. (मशीन लर्निंगच्या इलेक्टिव्हला ‘लासो’ शिकवतात ना, तो याच टिबशिरानींचा.) ज्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ज्यांच्याकडे मोबाईल होता असे ६९९ ड्रायव्हर त्यांनी घेतले आणि त्यांची फोनची बिलं तपासली. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत हा माणूस फोनवर होता का, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी होता का, अशी तुलना. म्हणजे माणूस तोच, बहुतेकदा रस्ताही तोच, फरक फक्त फोनचा. उत्तर आलं : फोनवर असताना अपघाताचा धोका साधारण चौपट. आणि ज्यांच्याकडे हँड्सफ्री होतं त्यांना त्याचा काही फायदा झाला असं दिसलं नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये आलेल्या ४५६ ड्रायव्हरांवर असाच अभ्यास झाला. तिथेही चौपट, आणि तिथेही हातातला फोन आणि हँड्सफ्री एकाच माळेचे मणी.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? दोन्ही हात स्टिअरिंगवर, दोन्ही डोळे रस्त्यावर, मग बिघडतं कुठे?

याचं उत्तर शोधण्यात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर यांनी अनेक वर्षं घालवली. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली आणि डोळे नेमके कुठे बघताहेत हे यंत्राने टिपलं. रस्त्याच्या कडेला जाहिरातींचे बोर्ड होते. नंतर विचारलं, यातले कोणते पाहिलेत? हँड्सफ्रीवर बोलत असलेल्यांना बरेच बोर्ड ओळखता आले नाहीत. आता गंमत बघा. त्यांची नजर त्या बोर्डांवर पडली होती, याची नोंद यंत्रात होती! डोळ्यांनी आपलं काम केलं होतं, पण पुढे डोक्यात ते पोचलंच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंग बंद.

फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनला तो बास्केटबॉलचा व्हिडिओ आपल्याला दाखवतात. पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती पास दिले ते मोजा म्हणतात आणि मधून गोरिलाच्या वेशातला माणूस छाती बडवत जातो. सायमन्स आणि चॅब्रिस यांनी हा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना गोरिला दिसलाच नव्हता. तेव्हा आपण सगळे पोट धरून हसलो. पण लक्षात घ्या, ते लोक स्क्रीनकडेच बघत होते. मान वळवली नव्हती, डोळे मिटले नव्हते.

मेंदूत काय होतं याचाही एक प्रयोग आहे. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्सेल जस्ट आणि सहकाऱ्यांनी २९ जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून स्क्रीनवरची गाडी चालवायला लावली. एकदा नुसती, आणि एकदा कानावर वाक्यं टाकून. वाक्य खरं की खोटं एवढंच ठरवायचं. बोलायचं नाही, हातात काही धरायचं नाही. म्हणजे हँड्सफ्रीपेक्षाही हँड्सफ्री! तरीसुद्धा मेंदूच्या ज्या भागाला जागेचं, अंतराचं भान असतं, त्या भागातलं गाडी चालवण्याशी संबंधित काम ३७ टक्क्यांनी घटलं आणि गाडी लेनमधून सरकायला लागली. नुसतं ऐकून समजून घेण्याचा हा परिणाम. त्यात भांडण, हिशोब, प्लेसमेंटची बातमी वगैरे घातली की काय होईल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

कॉम्प्युटरवाली मंडळी लगेच म्हणतील, मल्टिटास्किंग! पण मल्टिटास्किंग म्हणजे काय हे त्यांनाच विचारा ना. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरला सगळे लिहून येतात : एकाच कोअरवर दोन प्रोसेस ‘एकदम’ चालत नाहीत. प्रोसेसर आलटून पालटून दोघांना वेळ देतो आणि दर वेळी बदलताना थोडा वेळ वाया जातो. माणसाचंही तसंच आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या, हे आपल्या आज्ज्यांना गॅल्विनचं पुस्तक न वाचता माहीत होतं. फरक इतकाच, की कॉम्प्युटर हँग झाला तर रीस्टार्ट करता येतो.

‘पण मला जमतं,’ असं प्रत्येक विंगेत एक तरी जण म्हणतोच. असे लोक खरंच असतात. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० जणांची अशी परीक्षा घेतली, तेव्हा दोन्ही कामं एकदम करूनही ज्यांचं काही बिघडलं नाही असे अडीच टक्के निघाले. म्हणजे २०० पैकी पाच. आपल्या हॉस्टेलमध्ये मात्र अशी माणसं सत्तर-ऐंशी टक्के तरी भरतील, निदान त्यांच्या स्वतःच्या मते.

थोडं गणित करू, इंजिनिअरिंगचं मासिक आहे म्हटल्यावर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. बोलण्याच्या नादात ब्रेकवर पाय पडायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी ८ मीटर पुढे जाऊन मग थांबायला सुरुवात करते. दोन मारुती एकामागे एक उभ्या केल्या की होईल एवढं अंतर. एक सोपा प्रयोग रूमवरच करून बघा. तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी मित्राला उभी धरायला सांगा, तुमची बोटं शून्याच्या खुणेपाशी. तो न सांगता सोडेल, तुम्ही पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडलीत तर रिअ‍ॅक्शन टाइम साधारण ०.१७ सेकंद, ३० वर म्हणजे ०.२५. आता हेच घरी फोन लावून, स्पीकरवर मेसचं बिल समजावून सांगता सांगता करा. आणि हेही ध्यानात ठेवा, की इथे पट्टी सुटणार आहे हे तुम्हाला आधीच माहीत आहे. रस्त्यावरचं कुत्रं ‘रेडी?’ असं विचारत नाही.

आता दुसरी बाजू. ती न सांगणं बरोबर नाही, कारण सगळे अभ्यास एकमुखाने बोलत नाहीत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी सिम्युलेटर सोडून खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवले आणि माणसं रोज कशी चालवतात ते महिनोन्‌महिने पाहिलं. २००९ मध्ये त्यांनी ट्रक ड्रायव्हरांबद्दल जो अहवाल दिला, त्यात चालवता चालवता मेसेज टाइप करणाऱ्यांचा धोका २३ पट निघाला, पण हँड्सफ्रीवर नुसतं बोलणाऱ्यांचा वाढलेला दिसला नाही. उलट कमीच दिसला. का? एक शक्यता अशी, की लांब, सरळ, कंटाळवाण्या रस्त्यावर रात्री एकट्या ट्रकवाल्याला गप्पांमुळे झोप लागत नाही. दुसरी अशी, की अनुभवी ड्रायव्हर बोलताना आपण होऊन वेग कमी करतो, अंतर वाढवतो. दोन्ही पटण्यासारख्या आहेत. त्यामुळे हँड्सफ्री म्हणजे साक्षात मरण, असं काही मी म्हणणार नाही. टाइप करण्यापेक्षा, स्क्रीनकडे बघण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण ‘त्यापेक्षा बरं’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपण पहिल्याच्या पावतीवर दुसऱ्याचा माल उचलतोय.

शिवाय अमेरिकेतला सरळ हायवे आणि आपल्या गेटासमोरचा रस्ता यांत फरक आहे की नाही? तिथे लेन असतात आणि लोक त्या पाळतात. इथे रंग उडालेला स्पीडब्रेकर, राँग साइडने येणारी रिक्षा, डिव्हायडर तोडून केलेली वाट, आणि नोव्हेंबर ते मार्च आपल्या भागातला खास पाहुणा : दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ऊस बाहेर हातभर लोंबतोय. हा ट्रॅक्टर संधिप्रकाशात पूर्ण लक्ष असलेल्या माणसालाही उशिरा दिसतो. आपल्या रस्त्यावर गाडी चालवणं म्हणजे सतत पुढचा अंदाज बांधत राहणं. आणि फोन नेमकं तेच अंदाज बांधणारं डोकं मागून घेतो.

आमच्या विंगेतल्या एका मुलाचं सांगतो. त्याला विचारून, नाव न घालता. मागच्या जानेवारीत रविवारी संध्याकाळी तो घरून परत येत होता. हेल्मेट होतं, दोन्ही कानांत इअरबड, स्पीड पन्नासच्या आसपास. बहिणीचा साखरपुडा ठरला होता, तिचाच फोन होता. हॉल कुठला, कोण कोण येणार, साडी कोणती घेतली. पुढे उसाची ट्रॉली उभी होती. बंद पडलेली, मागे दगड लावलेले. रस्ता सरळ होता, अजून पुरता अंधारही झाला नव्हता. तो म्हणतो, ‘दिसलीच नाही रे. म्हणजे आता आठवून बघतो तर ट्रॉली तिथे होती असं वाटतं. पण तेव्हा नव्हती.’ हेल्मेटमुळे डोकं वाचलं. मांडीच्या हाडात रॉड आहे, एक वर्ष ड्रॉप गेला, आणि आता तो ज्युनियर बॅचबरोबर बसतो.

पण मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. ट्रॉलीला गाडी लागल्याचा आवाज त्याच्या बहिणीने ऐकला. फोन चालूच होता. पुढची काही मिनिटं ती ‘दादा, दादा’ करत राहिली आणि तिकडून फक्त लोकांचे आवाज येत होते. साखरपुडा पुढे ढकलला, नंतर झालाही. अपघातात तिची काही चूक नाही हे तिला घरात सगळ्यांनी शंभरदा सांगून झालंय. तरी तो गाडीवर आहे असं कळलं की आजही ती एक शब्द न बोलता फोन ठेवून देते.

म्हणूनच मला वाटतं, या विषयावरची सगळी चर्चा चुकीच्या टोकापासून सुरू होते. चालवणाऱ्याने बोलू नये, हे तर सगळेच सांगतात. पण फोनला दोन टोकं असतात. एका टोकाचा माणूस हेल्मेटमध्ये आहे, दुसरा कॉटवर लोळतोय. आणि ट्रॉली दिसत नसते ती या दुसऱ्याला.

‘मग शेजारी बसलेल्याशी बोलतो त्याचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि प्रश्न चांगला आहे. त्यावरही स्ट्रेयर मंडळींनी २००८ मध्ये प्रयोग केला. सिम्युलेटरवर हायवेने जायचं आणि ठरलेल्या ठिकाणी बाहेर वळायचं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ते वळण सोडून सरळ पुढे निघून गेले. शेजारच्या मित्राशी बोलणारे मात्र बहुतेक सगळे बरोबर वळले. कारण साधं आहे. शेजारच्यालाही रस्ता दिसतो. समोर गर्दी आली की तो आपोआप गप्प बसतो, नाहीतर ‘अरे डावीकडे घे’ म्हणतो. पुढच्या सीटवरच्या काकू आठवा, काका गाडी चालवताना ज्या ‘अहो, ट्रक! ट्रक!’ करत पायाने हवेतला ब्रेक दाबत असतात. आपण त्यांना हसतो, पण त्या गाडीतली दुसरी डोळ्यांची जोडी आहेत. फोनवरचा माणूस मात्र ट्रक आला तरी विचारतच राहतो, ‘मग पुढे काय झालं?’ दोन सेकंद उत्तर आलं नाही तर वर ‘हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?’

आमच्या ई अँड टीसीवाल्यांना यात आणखी एक गोष्ट दिसेल. साध्या टेलिफोनीत आवाजाचा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पाठवतात. ‘स’ आणि ‘फ’ मधला फरक त्यात नीट कळत नाही, उरलेलं डोकं भरून काढतं. त्यात वाऱ्याचा आवाज, सायलेन्सरचा आवाज, मधेच जाणारं नेटवर्क. एचडी कॉलिंगने हे थोडं सुधारलंय, पण बाईकवर वारा तोच. म्हणजे समोरासमोर बोलण्यापेक्षा फोनवर ऐकायलाच डोकं जास्त खर्च होतं. गाण्यांचं तसं नाही. गाण्याला उत्तर द्यावं लागत नाही. स्ट्रेयर यांच्या २००१ च्या प्रयोगात रेडिओ ऐकणाऱ्यांचं काही बिघडलं नव्हतं, बोलणाऱ्यांचं बिघडलं होतं. (तरी बाईकवर दोन्ही कान बंद करून गाणी ऐकणाऱ्यांनी यातून भलता अर्थ काढू नये. हॉर्न ऐकू येणं ही काही चैनीची गोष्ट नाही.)

‘ओके गूगल’वाल्यांसाठीही एक आकडा. २०१५ मध्ये अमेरिकेत आवाजी हुकमांवर चालणाऱ्या सिस्टिम्स तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सर्वांत त्रासदायक सिस्टिममध्ये हुकूम देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी ४० ने २७ सेकंदांत गाडी ३०० मीटर जाते. फोन ठेवला म्हणजे डोकं लगेच रस्त्यावर परत आलं, असं नसतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक ड्रायव्हिंगच्या यादीत ‘हातात धरलेलं’ संपर्काचं साधन वापरणं घातलं. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला नियमांत मुभा मिळाली, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. कायदा हाताबद्दल बोलतो कारण चौकातल्या हवालदाराला हात दिसतो, डोकं दिसत नाही. तो तरी काय करणार? पण ‘पावती फाटत नाही’ याचा अर्थ ‘हाड मोडत नाही’ असा आपण काढतो, त्याला कायदा काय करणार? अमेरिकेतल्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०११ मध्येच शिफारस केली होती, की तातडीची वेळ सोडून चालवणाऱ्याने फोन वापरूच नये, हँड्सफ्रीसुद्धा नाही. सरसकट तसा कायदा तिथेही कुठल्या राज्याने केला नाही. मात्र तिथल्या बऱ्याच राज्यांत दोन गटांना हँड्सफ्रीही चालत नाही : नवशिके ड्रायव्हर आणि स्कूल बसचे ड्रायव्हर.

हे दोन्ही गट आपल्या कॅम्पसवर आहेत, म्हणून आता घरचा विषय.

नवशिके म्हणजे आपणच. अठराव्या वर्षी लायसन्स, एकोणिसाव्या वर्षी हायवे. आपण फोन का उचलतो? हौस म्हणून कमी, भीतीपोटी जास्त. आईचा फोन उचलला नाही की ती दहा मिनिटांत बाबांना, बाबा रूममेटला आणि रूममेट आख्ख्या विंगेला कामाला लावतो. ‘पोचलास का?’ हे विचारायला आई गाडी चालू असतानाच फोन करते, कारण पोचेपर्यंत तिला धीर निघत नाही. यावर उपाय तिला रागावणं नाही. निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक मेसेज, आणि मधे फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेवायचं. पंधरा दिवसांत घरच्यांना सवय होते. फोनमध्ये ड्रायव्हिंगचा मोडही असतो, आपोआप ‘मी गाडी चालवतोय’ असं उत्तर पाठवणारा. आपल्यापैकी कितीजणांनी तो चालू केलाय?

सरांच्या फोनचं मात्र पोरांच्या हातात नाही. गाईडचा किंवा प्लेसमेंट ऑफिसचा नंबर स्क्रीनवर दिसला की भलाभला पोरगा चालत्या गाडीवर ‘येस सर’ म्हणतो. तेव्हा स्टाफमधल्या वाचकांना एक नम्र विनंती. सर, मॅडम, मागून हॉर्नचा आवाज ऐकू आला तर कृपया एवढंच म्हणा : ‘गाडीवर आहेस का? थांबल्यावर कर.’ पोरगा स्वतःहून हे तुम्हाला सांगणार नाही. त्याची टर्मवर्कवर सही बाकी असते.

आणि बस. कॉलेजच्या सकाळच्या बसमध्ये पन्नासएक मुलं-मुली आणि काही स्टाफ असतो. आपले ड्रायव्हर काका शांत आहेत, दारूचा वास नाही, ओव्हरस्पीड नाही. पण त्यांच्या कानात इअरफोन असतो. ते त्यांच्या हौसेने बोलत नाहीत. स्टॉपवरची पोरंच फोन करतात : ‘काका, कुठे आलात?’, ‘काका, दोन मिनिटं थांबा ना, जर्नल विसरलंय.’ वर ट्रान्स्पोर्ट ऑफिसचेही फोन. न उचलावा तर तक्रार, उचलावा तर पन्नास जीव पाठीशी. स्ट्रेयर यांनी २००६ मध्ये ४० ड्रायव्हर घेऊन सिम्युलेटरवर एक तुलना केली होती. एकदा फोनवर बोलताना, एकदा रक्तात ०.०८ टक्के दारू असताना. ही दारू आपल्याकडच्या कायद्यातल्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त आहे. फोनवर बोलणारे, हँड्सफ्रीवाले धरून, ब्रेक मारायला उशीर करत होते आणि पुढच्या गाडीवर आदळत होते. दारू प्यायलेले त्या प्रयोगात आदळले नाहीत. एका प्रयोगावरून मी काकांना दारुड्यांच्या रांगेत बसवणार नाही. पण बसमध्ये वास आला असता तर आपण सगळे खाली उतरलो असतो, एवढं खरं.

म्हणून ट्रान्स्पोर्ट कमिटीला एक अर्ज तयार केला आहे. मागण्या दोनच. बस चालू असताना काकांचा फोन पुढच्या सीटवर बसणाऱ्या स्टाफकडे किंवा सीआरकडे राहावा आणि तातडीचं काही असेल तर त्यांनी उचलावा. आणि प्रत्येक रूटच्या ग्रुपवर त्याच पुढच्या सीटवरच्या माणसाने लाइव्ह लोकेशन टाकावं, म्हणजे ‘कुठे आलात?’ हे विचारावंच लागणार नाही. खर्च शून्य. काकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘बरं होईल बाबा, कान तरी मोकळा राहील.’ अर्ज मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय, पेन दोऱ्याला बांधून. लेडीज हॉस्टेलमध्ये रेक्टर मॅडमच्या ऑफिसबाहेर दुसरी प्रत आहे. शनिवारपर्यंत सह्या घेऊन सोमवारी द्यायचा आहे.